पंचमीची अळंबी

इचलकरंजीत जिथं मागांचे शेड संपतात आणि मोकळा माळ सुरू होतो, तिथल्या एका गल्लीत पावसाळ्यात कुणाच्याही चुलीवर अळंबी चढायची, तर ती आधी एका दारात जाऊन यायची. दार जोतीराम खराड्यांचं. खराडे म्हणून त्यांना कुणी हाक मारल्याचं गल्लीला आठवत नाही. ते मास्तर. शाळेचे नव्हेत, कलर मास्तर. कापड रंगवायच्या एका कारखान्यात कलर किचन त्यांच्या ताब्यात होतं. कलर किचन म्हणजे रंग कालवायची खोली. नाव किचन असलं तरी वास असा, की नवा माणूस पहिल्या दिवशी डबा तसाच घरी घेऊन जातो.

व्यापारी चिंधी आणून टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, असाच रंग पाहिजे. मास्तर ती चिंधी घेऊन दारात जायचे, उजेडात धरायचे, मान जरा तिरकी करायचे आणि सांगायचे, "ह्यात निळा चिमटीभर जास्त हाय. बाकी पिवळ्याचा खेळ." सांगितलं तसंच निघायचं. मालकाचा पोरगा परदेशातून रंग मोजायचं मशीन घेऊन आला, तेव्हा मास्तरांनी त्या मशीनकडं असं बघितलं, जसं सुगरण बाई तयार मसाल्याच्या पाकिटाकडं बघते. मशीन वर्षभर झाकून पडलं होतं. माणूस गर्विष्ठ होता का? होता. पण ज्याचा गर्व रोज खरा ठरतो त्याला कोण काय बोलणार?

अळंबीची पारख त्यांनी कारखान्यात कमावली नव्हती. मूळचे ते पन्हाळ्याच्या मागच्या अंगाच्या एका वाडीतले. तिथं श्रावणात वारुळांवर अळंबी उगवते आणि पोरंटोरंही तिला नावानिशी ओळखतात. इथं, सपाटीवर, गल्लीतल्या लोकांना छत्री दिसली की भाजी दिसायची. मास्तरांनी गल्लीला तीन गोष्टी घालून दिल्या. एक, अळंबी उपटायची नाही, खणून काढायची. वारुळाच्या अळंबीला लांब मूळ असतं, ते खाली वारुळापर्यंत जातं. मूळ नसेल तर ती वारुळाची नव्हे. दुसरी, देठ सुरीनं उभा चिरून पांढऱ्या कापडावर ठेवायचा. थोड्या वेळानं लालसर झाला तर टाकून द्यायचा. तिसरी, छत्री उलटी करून पोटातल्या चुण्या बघायच्या. पांढऱ्या किंवा जराशा गुलाबी असतील तर ठीक. हिरवट झाक दिसली की उकिरड्यावर.

खणायचं आणि चिरायचं काम कुणीही केलं असतं. चुण्यांचा रंग मात्र मास्तरांनीच बघायचा, असा रिवाज पडून गेला. बायका ताट घेऊन दारात उभ्या राहायच्या. मास्तर कारखान्यात म्हणतात तेच इथं म्हणायचे. "पास." नाहीतर "फेल." कितीतरी पावसाळे गेले, गल्लीत कुणाचं पोट दुखलं नाही.

या ताटांत सगळ्यात आधी येणारं ताट शेजारच्या बसम्माचं असायचं. मास्तरांची बायको गेली तेव्हा लेक अनुजा लहान होती. तिची वेणीफणी, डबा, आजारपण सगळं भिंतीपलीकडून बसम्मानं केलं. अनुजा तिला आत्ती म्हणायची. लिंगायताचं घर, मांसमच्छी वर्ज्य, त्यामुळं अळंबीवर बसम्माचा जीव. "मटणाची हौस भागवतीस व्हय?" असं मास्तर मुद्दाम म्हणायचे आणि ती "शिव शिव! काय तोंड हाय का काय अण्णा तुमचं!" म्हणून पदर तोंडाला लावायची. तिचा सख्खा भाऊ तरणाताठा असताना वारला होता. तेव्हापासून नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा भावाचा उपवास ती मास्तरांच्या नावानं धरायची. पाणीसुद्धा बेतानं प्यायची. मास्तर रागवायचे, "साखरेचा आजार हाय तुला, उपास कसला करतीस?" ती ऐकायची नाही.

अनुजा शिकली रसायनशास्त्र, आणि कोल्हापुरात विद्यापीठात संशोधनाला विषय घेतला तो भूछत्रांमधल्या रंगांचा. मास्तरांना आधी हसू आलं. कुत्र्याच्या छत्रीवर कुणी पीएचडी करतं होय? पण एका सुट्टीत तिनं घाटातून आणलेलं एक पिवळं गुबगुबीत भूछत्र त्यांच्यासमोर मधोमध मोडलं, आणि आतला पिवळा गर बघता बघता निळा झाला. मास्तर उठूनच उभे राहिले.

"हे तर आमचं व्हॅटचं डाइंग की गं!" ते म्हणाले. व्हॅट जातीचा रंग हायड्रोस नावाची पूड घालून विरघळवतात तेव्हा तो भलताच दिसतो. कापड हौदातून वर काढलं आणि वारा लागला की खरा रंग चढतो.

"तेच आप्पा. हवेतला ऑक्सिजन. आतला रस आणि हवा एकत्र आली की रंग बदलतो. वांगं चिरल्यावर काळं पडतं तसंच. तुमचे व्हॅटचे रंग आणि भूछत्रातले पुष्कळसे रंग एकाच घराण्यातले आहेत. क्विनोन म्हणतात त्यांना."

त्या दिवशी मास्तर सगळ्या कारखान्याला सांगत फिरले, की माझी लेक आणि मी एकच धंदा करतो. बाप म्हणून एवढा आनंद त्यांना तिच्या पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

आणि याच लेकीनं, अजाणता, त्यांचं पितळ उघडं पाडलं. वाळक्या लाकडावर उगवणारं एक शेंदरी भूछत्र तिनं अल्कोहोलमध्ये वाटलं होतं. त्याचा थेंब पांढऱ्या लेपाच्या काचपट्टीवर लावून पट्टीचं टोक द्रवात बुडवलं, की द्रव वर चढतो आणि एका रंगातले निरनिराळे रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. ती पट्टी दाखवायला ती मुद्दाम घरी घेऊन आली होती.

"एका लालात किती जण राहतात बघा आप्पा. किती ठिपके दिसतात?"

मास्तरांनी पट्टी दारात नेली, मान तिरकी केली. "एकच तर हाय. भगवा."

अनुजा हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. "आणि वरचा पिवळा?"

"कुठला पिवळा?"

तिचं हसू गेलं. फिकट असला तरी पिवळा ठिपका पट्टीवर चांगला स्वच्छ होता. बापाचं बोट त्याच्यावरूनच फिरलं होतं.

तिनं त्यांना जबरदस्तीनं कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. मोतीबिंदू नव्हता, नंबर ठीक होता, अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पुस्तकं आणि टिकल्या पुढं मांडल्या, आणि तिथं मास्तर पहिलीतल्या पोरासारखे चुकत गेले. पिवळा आणि पांढरा, निळा आणि हिरवा, सगळी फिकट रंगांची मंडळी त्यांच्या डोळ्यांत एकमेकांत मिसळून गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? तरुणपणी छपाई खात्यात थिनरनं स्क्रीन, म्हणजे छपाईच्या जाळ्या, धुतल्याचं मास्तरांनी सांगितलं. बंद खोली, तोंडाला फडकंसुद्धा नाही, अशी वर्षानुवर्षं. डॉक्टर म्हणाले, अशा वासांनी हळूहळू रंग ओळखायची ताकद जाऊ शकते. माणसाला पत्ता लागत नाही, कारण मेंदू जुन्या ओळखीवर भागवून नेतो. परत येईल का, या प्रश्नावर त्यांनी फक्त नकारार्थी मान हलवली.

ज्या रंगांनी पोट भरलं त्यांनीच डोळे खाल्ले. मास्तरांना रडू आलं नाही, संताप आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून अनुजावर काढला. एसटीत बसल्यावर म्हणाले, "कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. मग म्हणाली, "कारखान्याचं मी नाही बोलणार. मशीन आहे तिथं. पण गल्लीची अळंबी आता बघू नका आप्पा. एवढं ऐका."

"बघतो," मास्तर म्हणाले.

कारखान्यात त्यांनी मशीनवरचं झाकण काढलं. मालकाच्या पोराला केवढा आनंद! म्हातारा सुधारला म्हणून त्यानं पेढे वाटायचेच बाकी ठेवले. मास्तर आकडे बघून रंग कालवायला लागले आणि उगीच चिंधी उजेडात धरून मान तिरकी करायचं नाटक करत राहिले. माणसाची अब्रू एकदा एका गोष्टीला चिकटली की ती गोष्ट गेल्यावरही तो तिचं सोंग वागवत राहतो. गल्लीचं काय करायचं ते मात्र ठरत नव्हतं. डोळे दुखतात म्हणावं, की गुडघ्याचं निमित्त सांगावं? पाऊस पडला, श्रावण आला, आणि मास्तरांनी अजून काहीच ठरवलं नव्हतं.

नागपंचमीला आभाळ भरलेलं होतं. गल्लीतल्या बायका माळावरच्या वारुळाला दूध-लाह्या घेऊन गेल्या. बसम्माची सून सौंदर्या सणाला माहेरी गेली होती, म्हणून ती एकटीच बायकांबरोबर गेली. आदल्या दिवसाच्या उपवासानं तोंड सुकलेलं होतं. परत आली ती पदराची ओटी धरून, आणि सरळ मास्तरांच्या दारात.

"अण्णा, बघा काय गावलंय! वारुळाच्या अंगालाच हुती की. नागोबानंच दिली."

ओटीत पांढऱ्या, थोराड, तपकिरी खवल्यांच्या छत्र्या होत्या. मास्तरांनी खाली बघितलं. एकीलाही मूळ नव्हतं.

"खणली न्हाईस?"

"आज कशी खणू? पंचमी हाय न्हवं? वरच्या वर मोडून घेतल्या."

खरंच होतं. पंचमीला जमिनीत कुदळ घालत नाहीत, नागोबाला लागेल म्हणून. मास्तरांचा हात सवयीनं कोनाड्यातल्या सुरीकडं गेला आणि तसाच मागं आला. पंचमीला चिरतही नाहीत. त्या दिवशी गल्लीत विळी भिंतीला टेकवून ठेवलेली असते, तवा पालथा, सगळं उकडून खायचं. देठ हातानं मोडून ठेवला असता तरी चाललं असतं. नंतर मास्तरांनी ही गोष्ट मनात इतक्या वेळा केली, की खरंच केली होती असं वाटायला लागावं. पण त्या घडीला हाताला सुरीची सवय होती. सुरी नाही म्हटल्यावर पुढचं सुचलंच नाही. तीन गोष्टींपैकी दोन सणानं काढून घेतल्या होत्या. उरली ती तिसरी, डोळ्यांची.

बसम्माच्या मागं आणखी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. पलीकडच्या ओट्यावर दूध डेअरीचे हंबीरराव तंबाखू मळत बसले होते. मास्तरांनी एक छत्री उलटी केली, आभाळाकडं धरली, मान तिरकी केली. चुण्या पांढरट दिसल्या. जरा मळकट. मळकट म्हणजे काय, हे सांगणारा डोळा आता त्यांच्याजवळ नव्हता हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तोंडाशी एकच प्रश्न आला होता. मागच्या बाईला म्हणायचं, पोरी, जरा बघ गं, काय रंग दिसतोय तुला? एवढंच. पण विचारलं असतं तर ओट्यावरच्या हंबीररावांनी मान वर केली असती. पुढचं सगळं मास्तरांना दिसलं, आणि ते बघायची त्यांना भीती वाटली.

आणि वारुळाजवळची होती ना? वारुळाजवळची अळंबी चांगलीच असते. त्यांनी स्वतःला एवढा आधार दिला.

"पास," मास्तर म्हणाले.

कारखान्यात रंगवलेल्या प्रत्येक मालाचा एक तुकडा जपून ठेवायची पद्धत असते, उद्या तक्रार आली तर दाखवायला. त्या सवयीनं मास्तर दरवेळी एक छत्री मागून घ्यायचे. आजही घेतली, खिडकीत पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली आणि कारखान्यात गेले. सणाचा दिवस असला तरी एका व्यापाऱ्याचा माल अडला होता.

संध्याकाळी फोन आला तो हंबीररावांचा. "मास्तर, बसम्मा आनि तिचा पोरगा मृत्युंजय, दोघंबी वकाय लागल्यात. रगत पडतंय. गाडी काढलीया आमी. तुमी परभारे दवाखान्यात या."

समोरच्या बादलीत रंग होता, तो कसला होता ते मास्तरांना कळेना.

इथल्या डॉक्टरांनी सलाईन लावून कोल्हापूरला पाठवलं. मृत्युंजय माग चालवणारा, तिशीतला गडी. त्यानं रात्रपाळीला जायच्या घाईत थोडंच खाल्लं होतं, तो सावरला. बसम्मानं मात्र उपवासानंतर पोटभर खाल्लं होतं. शरीरातलं पाणी गेलं, साखर हाताबाहेर गेली आणि मूत्रपिंडं काम करेनाशी झाली. अनुजा विद्यापीठातून धावत आली. डॉक्टरांनी विचारलं, खाल्लेली अळंबी उरलीय का? म्हणून सकाळी ती आणि मास्तर इचलकरंजीला गेले.

खिडकीतली वाटी अनुजानं उचलली. छत्रीही उचलली. मग कापड उजेडाकडं सरकवलं.

"आप्पा, ह्या कापडावर काय दिसतंय तुम्हाला?"

कापडावर चुण्यांचा गोल ठसा उमटला होता. चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेघा. "डाग," मास्तर म्हणाले. "राखी हाय. मळका."

"हिरवा आहे." तिनं कापड त्यांच्यापुढं धरलं. "शेवाळासारखा हिरवा आहे आप्पा! कुणीही सांगेल. लहान पोरगं सांगेल."

मास्तर खाटेवर बसले. ती रडत होती आणि रडताना बोलतही होती, जसं काही बोलणं थांबवलं तर कोसळेल. भूछत्रात पानाचा हिरवा नसतोच, ती म्हणाली. हा हिरवा बियांच्या पुडीतला. छत्री कोवळी असताना चुण्या पांढऱ्या असतात, पिकत जाईल तसा रंग चढतो. कापडावर इतकी पूड पडली म्हणजे छत्री पिकलेली होती. म्हणजे काल सकाळीच चुण्यांत रंग होता. "होता आप्पा. तुमच्या हातात होता."

"मी बघतो म्हणालतो," मास्तर एवढंच बोलले.

परत कोल्हापूरला जाताना त्यांनी ठरवलं, की सांगून टाकायचं. डॉक्टरांना, मृत्युंजयला, हंबीररावांना, सगळ्यांना. अब्रू जायची ती जाऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची त्यांना लाजही वाटली.

वॉर्डात पोचले तेव्हा बसम्माच्या खाटेभोवती माणसं होती. शेजारच्या खाटेवर मृत्युंजय उठून बसला होता. हंबीरराव उभे होते. डॉक्टर विचारत होते, ही आणली कुठून, खायची आहे हे ठरवलं कुणी?

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी बसम्मा बोलली. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"मास्तरनं बघितली ती चांगलीच हुती. ती थोडी हुती म्हणून मी मागनं आणि चार आणली, माळावरची. त्यास्नी न दाखवताच घातली. माझीच चूक झाली."

हंबीररावांनी कपाळावर हात मारून घेतला. "आगं बाई, दावायची हुतीस की मास्तरला! चार पावलावर दार हाय."

इचलकरंजीहून आणलेली छत्री डॉक्टरांच्या हातात देताना अनुजानं बापाकडं बघितलं. मास्तरांचं तोंड अजून उघडंच होतं.

सगळे पांगल्यावर ते बसम्माच्या उशाशी बसले. "का खोटं बोललीस?"

तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. "मला ठावं हाय अण्णा. दिवाळीला मी पिवळं लुगडं नेसलेलं, नवं. तुमी म्हणालासा, पांढरं लुगडं सणाला कशाला नेसलीस? तवाच कळालं मला."

मास्तर पुढं वाकले. "ठावं हुतं? मग माझ्याकडं आणलीस कशाला?"

"न्हाय आणली तर गल्ली म्हणली आसती, बसम्माचाबी मास्तरवरचा भरोसा उडाला. लोक इचारत बसले असते." ती थांबली, ओठ ओले केले. "वारुळाची म्हणून मला वाटलं चांगलीच हाय, चुण्या मीबी बघितल्या न्हाईत. तुमास्नी नुसतं दावायचं हुतं."

दोघांनीही मान राखला होता. तिनं त्यांचा, आणि त्यांनी स्वतःचा. हे मास्तरांना तिथंच, त्या लोखंडी खाटेजवळ कळलं, आणि स्वतःची एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

बसम्मा दुसऱ्या दिवशी गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला बसवून पुरलं. माती देऊन झाली तरी मास्तर खड्ड्याच्या कडेवरून हलेनात, तेव्हा हंबीररावांनी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. गल्ली म्हणाली, सख्ख्या भावाला झालं नसतं एवढं दुःख मास्तरांना झालंय.

अनुजा कोल्हापूरला परत जायला निघाली. पिशवी भरता भरता म्हणाली, "एसटीतून उतरल्या उतरल्या मी आत्तीला सांगायला पाहिजे होतं. तुमच्या शपथेचं काय एवढं?" आणि पिशवी उचलून गेली. म्हणजे लेकीच्या वाट्यालाही न बोलल्याचं तेच ओझं आलं होतं.

त्याच संध्याकाळी मास्तर मृत्युंजयकडं गेले. सौंदर्या माहेराहून आली होती, आतल्या खोलीत होती. मृत्युंजय भिंतीला टेकून बसला होता, अजून अंगात बळ नव्हतं.

"मृत्युंजय, ती आळंबी मीच पास केलती. मागनं आणलेली न्हवती. मला रंग दिसत न्हाय रं. डाक्टरनं सांगितलंय मला. तुझी आई माझ्यापायी गेली."

मृत्युंजय सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "काका, तुमास्नी लई लागलंय, कळतंय मला."

"दुःखानं बोलत न्हाय मी. खरं सांगतोय."

"म्हंजे आई मरताना खोटं बोलली?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"तिनं जल्मात खोटं बोललेलं मी ऐकलं न्हाय. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून पडलीती ती, आनि तसंच बोलली. समद्या गल्लीनं ऐकलंय." त्याचा आवाज चढला. "माझ्याम्होरं बोललासा, बोललासा. भायेर बोलू नगा काका. माझ्या आईला खोटी पाडू नगा. आता तिचं तेवढंच ऱ्हायलंय."

आतून सौंदर्याच्या रडण्याचा आवाज आला. मास्तर उठले. खरं बोलायची त्यांची सगळी तयारी होती, आणि आता ते खरं एका मेलेल्या बाईच्या तोंडावर पाय देऊनच बोलता येणार होतं. बसम्मानं त्यांची अब्रू वाचवली होती ती अशी, की तिच्यातून सुटायला वाट ठेवली नव्हती.

श्रावण अजून सरला नव्हता. मास्तरांना वाटलं होतं, निदान आता तरी गल्ली अळंबीचं नाव काढणार नाही. उलटंच झालं. बसम्मा न दाखवता खाऊन मेली, एवढंच लोकांनी त्यातून घेतलं. त्यामुळं ज्यांनी आजवर कधी ताट आणलं नव्हतं तेही यायला लागले. पलीकडच्या गल्लीतले आले. नव्यानं राहायला आलेली, मराठी न येणारी मागवाली मंडळी शेजाऱ्याला बरोबर घेऊन आली. मास्तर एकेक छत्री उलटी करायचे आणि म्हणायचे, "फेल." मूळ असलेली, वारुळाची, पन्हाळ्याच्या वाडीत डोळे झाकून शिजवली असती अशी अळंबीसुद्धा, "फेल." लोक मुकाट्यानं उकिरड्यावर नेऊन टाकायचे. मास्तर लई कडक झाल्यात म्हणायचे, आणि त्यांचा विश्वास आणखी वाढायचा.

एके सकाळी हंबीरराव स्वतः ताट घेऊन आले. सुनेच्या माहेरून, राधानगरीकडून आलेली अळंबी, खणून काढलेली, मातीसकट. मास्तरांनी एक उचलली. लांब, निमुळतं, काळपट मूळ होतं. देठ चिरला, तो तसाच पांढरा राहिला. छत्री उलटी करून आभाळाकडं धरली. चुण्या पांढऱ्या दिसल्या. पांढऱ्या होत्या की नव्हत्या, देव जाणे.

"फेल," मास्तर म्हणाले.

हंबीररावांनी मान डोलावली. ताट उचललं, दारातच जरा थांबले, भिंतीपलीकडच्या घराकडं बघितलं आणि उसासा टाकला.

"मास्तर, बसम्मानं त्या दिशी तुमास्नी दावली आसती, तर आज जित्ती आसती बगा."

मास्तरांनी कोनाड्यात सुरी ठेवली. पुसायची राहिली होती, म्हणून परत काढून धोतरानं पुसली. हंबीरराव उत्तराची वाट बघत उभे होते.

"व्हय," मास्तर म्हणाले.